पहिला खर्डा हाताने की थेट टाइप करून?

निळीशाई:
विधान सरळच मांडतो. कथा असो की कादंबरी, पहिला खर्डा कागदावरच व्हावा. कागदाचा वास, पेनाचा स्पर्श वगैरे बाजूला ठेवा, मुद्दा खाडाखोडीचा आहे. आडवी रेघ मारून कापलेला शब्द खाली वाचता येतो, आणि पुष्कळदा तीन पानं पुढे गेल्यावर कळतं की कापलेलाच बरा होता. बॅकस्पेसने उडवलेला शब्द मुळात होता हेही लक्षात राहत नाही. शिवाय पडद्यावरचं कच्चं वाक्यसुद्धा पहिल्या क्षणापासून छापल्यासारखं दिसतं. मग पुढचं लिहायचं सोडून माणूस त्याच वाक्याची वेणीफणी करत बसतो.

कागदावर लिहिण्याचीही पद्धत लागते. दोन रेघांत ८ मिमी अंतर असलेली वही घ्या. आपल्याकडे वर मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे ७ मिमीत एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. एकाआड एक ओळ सोडा. मजकूर फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं. नंतर सुचलेली भर त्यावर लिहून बाण काढायचा. असं लिहिलं की ए-४ पानावर साधारण १४०-१५० शब्द बसतात, म्हणजे हजार शब्दांना सात पानं. पानांवर क्रमांक लिहिण्याआधीच घाला.

कळफलक:
सपशेल असहमत. आधी हिशेब करू. ७०,००० शब्दांची कादंबरी शेवटी टाइप करावीच लागणार. मिनिटाला २५ शब्द धरले तर २,८०० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४७ तास निव्वळ नकलेत. दुसऱ्याला टाइप करायला द्याल तर 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' आणि 'ख'चा 'रव' होऊन येणार. त्यातही 'खरा'चा 'रवरा' झाला तर लगेच सापडतो. 'घडा'चा 'धडा' मात्र मुद्रितशोधनातही निसटतो, कारण शब्द म्हणून दोन्ही बरोबर.

पुसलेलं गमावण्याची भीती तर सवयीने जाते. रोज बसताना कालच्या फाइलची प्रत काढायची आणि नावाच्या सुरुवातीला तारीख घालायची, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने (२०२५-०६-१४). दिवस आधी लिहिला तर फाइली कालक्रमाने लागत नाहीत. कापलेला परिच्छेद पुसायचा नाही, 'कात्रणं' नावाच्या वेगळ्या फाइलच्या तळाशी चिकटवायचा. आणि नववं प्रकरण तिसऱ्याच्या आधी हवं असं लक्षात आलं, तर वहीत काय करणार?

निळीशाई:
वहीत करू नका. प्रत्येक प्रसंग नव्या पानावर सुरू करायचा आणि सुटी पानं क्लिपबोर्डला लावायची. जमिनीवर पसरून क्रम बदलता येतो, आणि सगळी कादंबरी एका नजरेत दिसते. पडद्यावर एका वेळी जेमतेम दीड पान दिसतं. राहिली नक्कल. ती नक्कल नसून दुसरा खर्डा आहे. जो परिच्छेद टाइप करायचाच कंटाळा येतो, तो वाचणाऱ्याने का वाचावा?

कळफलक:
चाळिसाव्या तासाला सगळ्याच परिच्छेदांचा कंटाळा येतो. तेव्हा चांगली वर्णनंही कापली जातात, आणि कापणाऱ्याला वाटतं आपण संपादन करतोय.

पायमोडका:
तुम्ही दोघंही 'टाइप करणं' ही एकच गोष्ट धरून चाललात. देवनागरीत ती एक नाही. बहुतेक जण रोमन अक्षरांत शब्द ठोकतात आणि खाली येणाऱ्या यादीतून निवडतात. म्हणजे प्रत्येक शब्दाला आधी रोमन स्पेलिंग, मग यादीवर नजर, मग निवड. वाक्याची लय यातच मोडते. 'दिन' की 'दीन' हे तुम्ही ठरवायचं, पण यादीत जो वर आला तोच बोटाखाली जातो. बोलीतले संवाद लिहिताना तर फारच त्रास. 'व्हतं' लिहावं तर 'होतं' होतं, 'न्हाई'चं 'नाही' होतं, आणि पाटलाच्या वाड्यावरचा गडी अचानक बातम्या वाचू लागतो. निदान आपोआप दुरुस्ती तरी बंद करा.

खरा उपाय इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-रचना. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं उजव्या हाताकडे, त्यामुळे हात आलटूनपालटून चालतात. पाय मोडायची कळ इंग्रजी डीच्या जागी. 'ळ' शिफ्ट-एनवर. 'दऱ्या'तला ऱ शिफ्ट-जेवर, मग पाय मोडून य. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर द्यायची, ती पडद्यावर आपसूक आधी जाऊन बसते. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांची गडबड नेमकी इथे होते. सुरुवातीचे काही आठवडे वेग निम्म्यावर येतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

कळफलक:
हे मान्य. यादीतून शब्द निवडत कादंबरी लिहिणाऱ्याने वही घेतलेली बरी.

पायमोडका:
आणखी एक खोच, शोध-बदल (फाइंड-रिप्लेस) वापरणाऱ्यांसाठी. 'ऱ्य' युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन तऱ्हांनी बनतं: नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे अदृश्य सांधा (न दिसणारं जोडचिन्ह) घालून. दिसायला दोन्ही सारखेच. एक प्रकरण फोनवर आणि दुसरं संगणकावर लिहिलं असेल, तर 'वाऱ्यावर' शोधताना अर्धे वारे सापडतच नाहीत. काम संपवताना दोन्ही रूपं शोधून एकच करून घ्या.

अभ्यासूमांजर:
पण हाताने लिहिलेलं मेंदूत जास्त खोल जातं, हे सिद्ध झालंय ना? २०१४ चा म्युलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास आहे.

कळफलक:
तो व्याख्यानाची टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा आहे. लॅपटॉपवाले ऐकलेलं शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडले, असा निष्कर्ष होता. २०१९ आणि २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा गुणांतला तो फरक तसा ठळक मिळाला नाही. आणि कथा लिहिताना तुम्ही कोणाचं व्याख्यान उतरवता? हा दाखला दोन्ही बाजूंनी सोडून द्यावा.

वेगाचाच दाखला हवा तर अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुॲक घ्या. १९५१ मध्ये कागद जोडून जवळपास १२० फुटांची गुंडाळी केली आणि 'ऑन द रोड' ही कादंबरी तीन आठवड्यांत टाइप केली.

निळीशाई:
त्याआधीची वर्षानुवर्षांची टिपणवही कोणी हाताने भरली? आणि ती कादंबरी छापून आली १९५७ मध्ये. मधे पुनर्लेखन झालंच. उलट कादंबरीकार हेन्री जेम्स बघा. मनगट दुखू लागलं म्हणून १८९७ पासून तो टंकलेखकाला तोंडी सांगू लागला, आणि त्याची उत्तरकाळातली वाक्यं लांबलचक, वळणावळणाची झाली. साधन बदललं की वाक्य बदलतं, एवढंच माझं म्हणणं.

खोडरबर:
मनगटाचा विषय निघालाच आहे तर: हात दुखतो म्हणून वही सोडणाऱ्यांनी आधी पेन बदलून पाहावं. बॉलपेनला दाब लागतो, तो अंगठ्याच्या बुडाशी साचतो. शाईपेन किंवा जेल नुसत्या वजनाने चालतं. पण ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर शाई फुटते आणि पाठीमागे उमटते. निळीशाईंसारखं एकाच बाजूला लिहिणार असाल तर चालेल, एरवी ८० ते १०० जीएसएम घ्या. साधी रंगद्रावणाची शाई पाण्याच्या थेंबाने वाहून जाते, खर्डा टिकवायचा तर पिग्मेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई.

आणि घासून पुसता येणाऱ्या जेल पेनाने हस्तलिखित कधीही लिहू नका. ती शाई उष्णतेने अदृश्य होते, साधारण ६० अंश सेल्सियसला. उन्हात बंद गाडीत वही राहिली तर पानंच्या पानं कोरी. वही फ्रीझरमध्ये ठेवली तर अक्षरं फिकट परत येतात, पण मुद्दाम पुसलेलंही सोबत येतं!

मुक्तछंद:
कवितेबद्दल कोणीच बोललं नाही. तिथे दोन्ही साधनं फसवतात. अरुंद डायरीत लिहिलं की ओळी आखूड होतात आणि ती शैली वाटू लागते. संगणकावर फॉन्ट बदलला की लांब ओळ आपोआप मोडते आणि नसलेला विराम दिसतो. म्हणून हाताने लिहिताना वही आडवी धरा आणि ओळ जिथे खरंच संपते तिथे उभी रेघ ओढा. टाइप करताना त्या रेघांप्रमाणेच एंटर. समासाने मोडलेली ओळ मोजायची नाही.

कळफलक:
आडव्या वहीची युक्ती चांगली आहे. निळीशाई, एक शंका: तुमच्या त्या एकुलत्या एक वहीची दुसरी प्रत कुठे असते?

निळीशाई:
रोज लिहून उठताना फोनवर फोटो, तारखेच्या फोल्डरमध्ये. फक्त उजव्या पानाचा काढू नका, समोरासमोरची दोन्ही पानं एकाच फोटोत घ्या. नाहीतर बाण दिसतो आणि तो ज्या मजकुराकडून येतो तो गायब असतो.