१९६७ ची एमजीबी: आतलं लाल ट्रिम कसं मिळवावं?

प्रश्न
माझ्याकडे १९६७ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन आणि पत्र्याचं काम उरकलं, आता आतलं ट्रिम, म्हणजे सीट, दरवाज्यांची पॅनेल, कार्पेट वगैरे काढलंय. दोन्ही दरवाज्यांच्या पॅनेलचा हार्डबोर्ड खालून चार बोटं फुगलाय. स्क्रू पिळायला जावं तर भुगा हातात येतो. कार्पेट कुजलं होतं म्हणून '१९६७' एवढंच सांगून नवा सेट मागवला. टनेलवरचा, म्हणजे गिअरबॉक्स झाकणाऱ्या मधल्या उंचवट्यावरचा तुकडा बसतच नाही, मधोमध फुगा येतो. आणि लाल रंग कोणता धरायचा? सीट विटकरी झाल्यात, पॅनेल गुलाबीकडे गेलंय. कारखान्यातून निघाली तशीच गाडी मला हवी आहे. चालेल तसं काहीतरी बसवायला मन धजत नाही.

प्रतिसाद १
चॅसी नंबर जीएचएन३ ने सुरू होतो की जीएचएन४ ने? १९६७ च्या शेवटी मार्क टू, म्हणजे जीएचएन४ वाली दुसरी आवृत्ती आली. तिचा गिअरबॉक्स चारही गिअरला सिंक्रो (गिअर अलगद पडण्याची सोय) असलेला, आणि त्याला जागा द्यायला टनेल रुंद केला. म्हणून एकाच सालच्या दोन गाड्यांचं कार्पेट एकमेकींना होत नाही.

प्रश्नकर्ता
जीएचएन३! म्हणजे मार्क टूचा सेट आला माझ्याकडे.

प्रतिसाद २
मग तो परत करा, आणि यापुढे साल सांगूच नका, पूर्ण चॅसी नंबर द्या. मी सीटच्या कव्हरांत हेच भोगलंय. साल जुळलं, पण शिवण आणि पायपिंग (शिवणीवरची गोल किनार) नंतरच्या सीटचं निघालं. चार महिने वाट पाहून पुन्हा पहिल्यापासून. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट काढा. कारखान्याच्या नोंदीतला बाहेरचा रंग आणि ट्रिमचा रंग त्यात येतो.

पॅनेल लगेच विकत घेऊ नका. पाणी काचेच्या फटीतून आत उतरतं आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा फाटला असेल तर थेट बोर्डात मुरतं. तो पडदा आधी नवा लावा, दरवाज्याच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर नवा बोर्डही असाच फुगेल. जुना बोर्ड धड असेपर्यंत त्यावरून मरीन प्लायचा आकार कापून घ्या. भोकं जुन्यावरूनच आखा. तयार पॅनेलमध्ये काच वर-खाली करायच्या वाइंडरचं भोक जरासं सरकलेलं असलं तरी दांडा तिरका बसतो. कापलेल्या कडांना, भोकांच्या आतूनसुद्धा, वॉर्निशचे दोन हात द्या. जुनं व्हिनाइल शिवणीपाशी फाटलं नसेल तर हळूहळू सोलून तेच पुन्हा चिकटवा. त्याच्यासारखा दाणा नव्या कापडात मिळणं कठीण.

रंग उन्हात राहिलेल्या भागावरून ठरवू नका. खिडकीच्या वाइंडरमागची चकती काढून बघा. नवं कापड मागवायच्या आधी नमुन्याचा तुकडा मागवा आणि दिवसाउजेडी तिथे धरा.

प्रश्नकर्ता
आत्ताच चकती काढली. खाली रुपयाएवढा गोल, गर्द लाल, जणू कालच शिवलेला! बाकीचं पॅनेल त्याच्यापुढे फिकट दिसतंय. व्हिनाइल तळाशी थोडं सुटलंय, पण फाटलेलं नाही. सोलायला घेतो. सीटसाठी नमुना मागवतोय आणि गेडनला अर्जही करतो.