क्यूबसॅटवर साधं जीपीएस मॉड्यूल चालेल का?

ध्रुवतारा_९: आमची टीम १ यू क्यूबसॅट बनवतेय, म्हणजे १० सेंमीचा ठोकळ्यासारखा छोटा सॅटेलाइट. शिकायचं तर आहेच पण पेलोड (वर नेऊन काम करायचं मुख्य उपकरण) म्हणून जीपीएस रिसीव्हर टाकून सॅटेलाइटने स्वतःची पोझिशन काढायची असं ठरलंय. ड्रोनवालं मॉड्यूल गच्चीवर मस्त लॉक होतं (सिग्नल पकडतं), विक्रेताही म्हणतो चालेल, मग तेच टाकलं तर?

सोल्डरकाका: नाही चालणार रे. डेटाशीट शेवटपर्यंत वाच, बारीक अक्षरात १८ किमी उंची आणि १००० नॉट म्हणजे ताशी साधारण १८५० किमी अशी मर्यादा असेल. क्षेपणास्त्रात वापरू नयेत म्हणून हे कुलूप. तुझा ठोकळा सेकंदाला साडेसात किमी पळणार, मॉड्यूल सरळ गप्प बसेल. कुलूप काढलेलं फर्मवेअर (मॉड्यूलमधलं सॉफ्टवेअर) मिळालं तरी डॉप्लर आहेच, म्हणजे वेगामुळे सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकणं, जमिनीवर पाचेक किलोहर्ट्झ सरकणारा सिग्नल वर चाळीसच्या आसपास सरकतो, रिसीव्हर भलतीकडेच शोधत बसतो. गच्चीवरची टेस्ट विसर, कक्षेतला सिग्नल वाजवणारा सिम्युलेटर कुठे मिळतो ते बघ.

वाकडा_अँटेना: आणि अँटेनाचं तोंड कुठे असणार ते ठरवलंय का?? २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेलेला सीओईपीचा (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) सॅटेलाइट 'स्वयम्' आठव, त्यात चुंबक वापरून बिनविजेचं स्थिरीकरण होतं. स्वस्त आणि मस्त, पण असा सॅटेलाइट होकायंत्रासारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत राहतो, म्हणजे जी बाजू उत्तर ध्रुवावर जमिनीकडे तीच दक्षिणेला आकाशाकडे. अँटेना एकाच बाजूला लावलास तर जवळजवळ अर्धी फेरी फिक्स, म्हणजे पोझिशन मिळणं, विसर.

रात्रपाळी: मुळात पोझिशन हवीच का? त्याच वर्षीचा आयआयटी बॉम्बेचा 'प्रथम' बघ, साधारण १० किलोचा, त्याचं काम आयनोस्फिअरमधले (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) इलेक्ट्रॉन मोजायचं, आणि जीपीएसची चूक वाढवणारे हेच तर इलेक्ट्रॉन! वरून नुसता रेडिओ बीकन (सतत जाणारा साधा सिग्नल), मोजमाप खाली ग्राउंड स्टेशनवर. वर जितकं कमी तितकं बरं, एकदा उडालं की स्क्रू ड्रायव्हर पोचत नाही :)

सोल्डरकाका: पटलं, पण एका रॉकेटवरून वीस सॅटेलाइट सुटले की पहिले काही दिवस आपला कुठला तेच कळत नाही, टीएलईमध्ये (रडारवगैरेने काढलेल्या कक्षेच्या जाहीर आकड्यांमध्ये) किलोमीटरभर चूक सहज असते. तिथे जीपीएस कामाला येतं. सतत चालू ठेवू नका, बॅटरी खातं. फेरीत दहा मिनिटं पुरे.

ध्रुवतारा_९: डेटाशीट बघितली, पान ११ वर खरंच लिहिलंय 😭 सहा मॉड्यूल घेऊन झालीत, आता सरांना सांगायचं कोणी