आजोबांचं पुस्तक फुकट वाटायचंय, प्रकाशक म्हणतो हक्क आमचे

मिरजकर:
मंडळी, जरा सल्ला हवाय. आजोबांचा कथासंग्रह १९७२ ला पुण्यात निघाला होता, एकच आवृत्ती, नंतर कोणी छापला नाही. आजोबा १९८१ ला गेले. आता आम्ही नातवंडांनी मिळून सगळं टाइप केलंय, ई-बुक करून फुकट टाकायचंय, तर प्रकाशकाचा मुलगा म्हणतो हक्क आमचे, टाकलंत तर नोटीस येईल. आणि गंमत म्हणजे याच पुस्तकाची स्कॅन पीडीएफ एका टेलिग्राम चॅनलवर बिनधास्त फिरतेय, ती याला दिसत नाही! चॅनलवाल्याला विचारलं तर म्हणे आम्ही मराठीची सेवा करतो. एवढी वर्षं झाली, अजून कॉपीराइट असतो का?

कट्टेकरी:
असतो की. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे तुमचा ३१ डिसेंबर २०४१ पर्यंत. साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापतंय, पुलंसाठी २०६१ उजाडावं लागेल. आधी ५० च वर्षं होती, टागोरांची मुदत १९९१ अखेर संपायला आली तेव्हा १० वाढवली. करार असला तर त्यात मुदत बघा, लिहिली नसेल तर कायद्याने ५ वर्षंच धरतात, मग हक्क कधीच घरी आलेत.

वकीलबाई:
५ वर्षांचं इथे चालणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये ते १९९४ च्या दुरुस्तीने आलं आणि त्याआधीच्या करारांना लागू नाही असं त्याच कलमात आहे. पण मुळात करार आहे का? हक्क दिले म्हणायला लेखी आणि सही केलेला कागद लागतो, हे १९७२ लाही होतं. तेव्हा मुलाशी वाद घालू नका, एवढंच म्हणा, कागद दाखव. पुष्कळदा निघते ती फक्त एका आवृत्तीच्या मानधनाची पावती, आणि पुस्तकात 'सर्व हक्क राखीव' छापलं म्हणून प्रकाशक मालक होत नाही. करार निघालाच तर २०१२ ची दुरुस्ती आहे, करारावेळी जे माध्यम नव्हतंच त्याचे हक्क स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत, आणि १९७२ ला कुठलं आलंय ई-बुक! फक्त ती जुन्या करारांना लावायची का यावर समोरचा वकील भांडणार, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर नको. अजून एक, मृत्युपत्र नसेल तर काका-आत्या सगळे वारस, सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रकाशकापेक्षा घरातच जास्त अडतं असा माझा अनुभव.

उंटावरचा:
एवढा कीस कशाला पाडताय, इंटरनेट आर्काइव्हवर टाका आणि मोकळे व्हा, तिथे लाखो पुस्तकं फुकट आहेत, कोण विचारतंय

कट्टेकरी:
कोण विचारतंय?? आर्काइव्ह स्कॅन केलेली पुस्तकं लायब्ररीसारखी वाचायला द्यायचं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी एका प्रतीला एक वाचक ही मर्यादा काढली, जूनमध्ये हॅशेट, पेंग्विन रँडम हाउस वगैरे चार प्रकाशक अमेरिकेत कोर्टात. २०२३ ला आर्काइव्ह हरलं, सप्टेंबर २०२४ ला अपिलातही, आणि एका प्रतीला एक वाचक हेसुद्धा कोर्टाने मान्य केलं नाही. ५ लाखांवर पुस्तकं काढावी लागली. मला स्वतःला वाईट वाटलं, पण फुकट आहे म्हणून कायदेशीर आहे असं नसतं भाऊ.

मिरजकर:
कागद मागितलाय, तेव्हापासून साहेब गप्प. घरचे तयार आहेत पण आत्याची अट आहे, नाव आजोबांचंच राहिलं पाहिजे आणि कोणी विकून पैसे करायचे नाहीत.

वकीलबाई:
मग क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच परवानगी देणारं, बाय-एनसी लायसन्स लावा, नाव द्यावंच लागतं आणि धंदा करता येत नाही. कथांमध्ये कोणी बदल करू नये असंही हवं असेल तर पुढे एनडी जोडा, पण मग कोणाला हिंदी भाषांतर करायचं झालं तरी आधी तुम्हाला विचारावं लागेल. आत्यांना हे नीट सांगा, कारण ज्यांनी त्या लायसन्सखाली कॉपी घेतली त्यांच्याकडून ते परत काढून घेता येत नाही. टेलिग्रामकडे तक्रार वारस म्हणून तुम्हीच करा. आणि जुनं मुखपृष्ठ वापरू नका, चित्रकाराचा हक्क वेगळा असतो.