‘जीव नकोसा होणे’ : प्रश्नावलीत चालेल का?

विचारणा : नागपुरात आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याची प्रश्नावली मराठीत करतोय. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायला पालक घाबरतात. ‘कधी जीव नकोसा होतो का?’ असं सौम्य ठेवलं तर?

प्रतिसाद : नका ठेवू. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की आपल्याकडे घराघरांत ‘उन्हानं जीव नकोसा झाला’ म्हणतात. पोरगं खरंखरं ‘हो’ लिहील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. ‘जीवावर येणे’ म्हणजे नुसता कंटाळा. ‘जीव देणे’ही मोघमच, दोस्तासाठी जीव देणारे वर्गात दहा निघतील. ‘स्वतःचा जीव संपवण्याचा विचार’ असं स्वच्छ लिहा.

आणि दोन गोष्टी एका वाक्यात कोंबू नका. ‘मरण आलं तर बरं’ वाटणं वेगळं, जीव संपवावासा वाटणं वेगळं. आत्महत्येचे विचार तपासणाऱ्या कोलंबिया मापनश्रेणीत हे दोन्ही आधी स्वतंत्र विचारतात, मग इरादा आणि बेत. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मात्र मेलेलं बरं वाटणं आणि स्वतःला इजा करणं एकत्रच विचारतो, तेही मागच्या दोन आठवड्यांपुरतं. तिथे ‘हो’ आलं की पुढे बोलावंच लागतं. थेट विचारल्यानं मुलांच्या डोक्यात विचार भरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. पालकसभेत हे आधी सांगा.

विचारणा : वर शीर्षक ‘आत्महत्या-जोखीम चाचणी’ दिलं आहे.

प्रतिसाद : ‘चाचणी’ काढाच. घटक चाचणीची सवय असलेले आईबाप ‘किती मार्क पडले?’ विचारतील आणि कमी गुण आले की निश्चिंत होतील. अशा गुणांवरून पुढचं भाकीत करू नये, असं ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. ‘विचारपूस’ म्हणा. आपल्याकडे आजारी माणसाचीही विचारपूसच करतात, आणि त्यात उत्तर ऐकून घेणं आलंच.

‘आधी अयशस्वी प्रयत्न केला आहे का?’ यातलं ‘अयशस्वी’ही खोडा. वाचलेल्या मुलाला नापास कशाला ठरवायचं?

कागद त्याच दिवशी वाचणारा समुपदेशक ठरला नसेल, तर प्रश्नावली वाटूच नका. ‘हो’ लिहिणाऱ्या मुलाशी त्याच दिवशी एकांतात बोलायचं, घरच्यांना बोलवायचं, गरज पडली तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात सोबत जायचं. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक छापा. तिथे मराठीत बोलता येतं.