विमा कंपनीतील प्रशिक्षण : वर्गात काय मिळते आणि शाखेत काय मागून घ्यावे?

प्रश्न (तासगाव)
एका मोठ्या खासगी आयुर्विमा कंपनीत विक्री अधिकारी म्हणून माझी निवड झाली असून नेमणूक सांगली शाखेत आहे. सुरुवातीचे प्रशिक्षण पुण्यात होईल आणि परतल्यावर लगेच विमा प्रतिनिधींची भरती व नव्या हप्त्यांचे टार्गेट सुरू होईल, असे मुलाखतीत सांगण्यात आले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, विम्याचा पूर्वानुभव नाही. ओळखीच्या लोकांच्या गळ्यात पॉलिसी मारण्याचे काम मला करायचे नाही. समोरच्याला त्याच्या उपयोगाचे काही देता यावे, एवढे शिकायचे आहे. वर्गात जे शिकवत नाहीत ते कोठून शिकावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (मिरज)
मी याच स्वरूपाचे काम करतो. वर्गात योजनांची माहिती, कंपनीची संगणक प्रणाली, प्रपोजल फॉर्म भरण्याची पद्धत आणि ग्राहकाशी बोलण्याचा सराव, एवढे व्यवस्थित मिळते. प्रतिनिधी होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयसी-३८ परीक्षेकडे मात्र आपण स्वतः नीट लक्ष द्यावे, कारण आपण भरती केलेल्या माणसाची तयारी पुढे आपल्यालाच करून घ्यावी लागते. पन्नास प्रश्न, एक तास आणि उत्तीर्णतेसाठी ३५ टक्के, असे तिचे स्वरूप आहे. ती अवघड नाही, पण शाळा सोडून बरीच वर्षे झालेली माणसे संगणकासमोर बसायलाच घाबरतात.

वर्गातली बहुतेक उदाहरणे पगारदार माणसाची असतात, ज्याच्या खात्यातून दरमहा हप्ता आपोआप कापला जातो. आपल्याकडे पैसा तसा येत नाही. द्राक्षाचा पैसा माल गेल्यावर, उसाचा पैसा कारखान्याचे बिल जमा झाल्यावर, आणि मधले कित्येक महिने औषधे, मजुरी व सोसायटीचे कर्ज यांतच जातात. अशा घरात मासिक हप्ता लावला तर देय तारखेनंतरचे सवलतीचे १५ दिवस पाहता पाहता संपतात आणि पावसाळ्यात पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. वार्षिक हप्त्याला ३० दिवस मिळतात आणि देय तारीख हंगामाच्या शेवटी आली तर तो बिनबोभाट भरला जातो. म्हणून रकमेआधी ‘पैसा हातात कधी येतो?’ हे विचारायला मी माझ्या प्रतिनिधींना शिकवतो. तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी, म्हणजे दुसऱ्या वर्षीही किती पॉलिसी टिकल्या हे प्रमाण, प्रामुख्याने या एका प्रश्नावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (सातारा)
मी सरकारी आयुर्विमा क्षेत्रातून निवृत्त झालो असून नोकरीचा मोठा भाग दावा विभागात गेला. तुम्ही शाखाधिकाऱ्यांना विनंती करून विक्रीला लागण्यापूर्वी काही दिवस दाव्यांच्या टेबलाजवळ बसा. विमा कायद्याचे कलम ४५ पुस्तकात चार ओळींचे वाटते: तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीला आव्हान देता येत नाही. पण त्याआधी मृत्यू झाला, चौकशी लागली आणि मधुमेह लपवल्याचे दवाखान्याच्या कागदावरून निघाले, की घरच्यांपुढे काय उभे राहते हे तिथेच समजते. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तर ही तीन वर्षे पुनरुज्जीवनापासून नव्याने मोजली जातात, हे तर कित्येक जुन्या प्रतिनिधींनाही ठाऊक नसते. नामनिर्देशनाचेही तसेच आहे. लग्नाआधी आईचे नाव लावलेले असते, ते बदलायचे राहून जाते, आणि पुढे सुनेला व सासूला एकाच टेबलापुढे बसवण्याची वेळ येते.

उत्तर (मिरज)
सातारच्या काकांचे म्हणणे मला पटते. मात्र खासगी कंपन्यांत दाव्याचा निर्णय बहुधा मुख्य कार्यालयात होतो, शाखेत फक्त कागद स्वीकारले जातात. त्यामुळे आपण ग्राहक सेवेच्या काउंटरवर बसण्याची परवानगी मागावी. सरेंडरसाठी, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडण्यासाठी, येणारा माणूस आपल्याला काय सांगून पॉलिसी दिली गेली होती हे तिथे स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि चुकीची विक्री कशी होते हे त्याहून स्पष्टपणे मी कोठे ऐकलेले नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पहिला हप्ता आपण स्वतः भरतो असे सांगून पॉलिसी देण्याची पद्धत इकडे सर्रास ऐकू येते. टार्गेट पूर्ण करण्यासाठी वरूनच तसे सुचवले गेले, तर नव्या कर्मचाऱ्याने काय करावे?

उत्तर (सातारा)
स्पष्ट नकार द्यावा. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनातून किंवा हप्त्यातून अशी सूट देण्यास मनाई आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा १० लाख रुपयांपर्यंत गेली आहे. सूचना तोंडी आली तर ती ई-मेलवर मागावी. लेखी सहसा कोणी देत नाही. प्रशिक्षणाचे साहित्यही तपासून घ्या. २०२४ पासून पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ग्राहकाला ३० दिवस मिळतात आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुन्या छापील तक्त्यांत हे दोन्ही बदल नसतील.