नवा मोगरा काळ्या मातीत पिवळा पडतोय

अंगणवेल: पुण्यात, घराच्या अंगणात जुलैच्या सुरुवातीला बट मोगरा लावलाय. माती काळी, चिकट. खड्डा दीड फूट, त्यात अर्धी पाटी शेणखत. ऊन सहा तास. आळं करून रोज पाणी घालते. खालची पानं पिवळी होऊन गळताहेत, नवी फूट नाही. खत कमी पडतंय का?

वाफसा: खत अजिबात देऊ नका, पाणी थांबवा. पावसाळ्यात काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौदच. भुसभुशीत भरावात पाणी उतरतं, पण भोवतालची चिकण माती ते जिरू देत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात आणि झाड आधी जुनी पानं सोडतं.

बुंध्यापासून वीतभर लांब, चार बोटं खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. बोटांना चिकटली तर ओल जास्त. लाडू वळला आणि टिचकीने फुटला तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आणि मातीत हवाही आहे. लाडू वळेनासा झाला की मगच पाणी. आळं आजच मोडा, माती बुंध्याकडून बाहेर उतरती करा. आळ्याची गरज ऑक्टोबरनंतर.

मातीचीहुंडी: पिशवीतली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, तशीच पुरली होती का? रोपवाटिकेतली लाल माती बऱ्याचदा विटेसारखी घट्ट असते, मुळं तिच्यातच गोल फिरत राहतात. आठवड्याभरात सुधारणा दिसली नाही तर ढगाळ दिवशी संध्याकाळी रोप हुंडीसकट काढा. बादलीत दहा मिनिटं बुडवा, बाहेरची अर्धा इंच माती बोटांनी सोडवा, गोल फिरलेली आणि काळी मऊ मुळं कात्रीने कापा. मग खड्डा बुजवून वर सहा इंच उंच, अडीच फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. हुंडीचा वरचा भाग मातीच्या एक इंच वर राहू द्या. बुंधा गाडला की कुजतो. भरावात चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. शेणखताला वास येत असेल तर ते कच्चं आहे, वापरू नका.

अंगणवेल: हुंडी तशीच लावली होती. दोन कळ्या दिसताहेत, ठेवू?

वाफसा: खुडा. मुळं धरेपर्यंत फुलांवर ताकद घालवण्यात अर्थ नाही.

शेंडाछाट: एक भर. पुढे *कोवळी* पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. जमिनीत घातलेलं हिराकस (फेरस सल्फेट) तिथेच अडकून पडतं.

नवी फूट चार बोटं झाली की दोन मुठी गांडूळखत, त्याआधी युरिया नको. फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून डिसेंबरात पाणी कमी करून जानेवारीत छाटणी करतात. पहिल्या वर्षी मात्र फक्त शेंडे आणि वाळक्या काड्या काढा.