पीडीवर गोळी धुऊन जाते म्हणे!

दुकानातला भाऊ:
काल ‘उंटावरचा शहाणा’ यांनी ठणकावून लिहिलं की पीडीवरच्या (नळीने पोटात पाणी भरून-काढून घरी करायच्या डायलिसिसवरच्या) पेशंटला पोटातल्या बुरशीसाठी फ्लुकोनॅझोलची गोळी म्हणजे पैसे पाण्यात, चार पिशव्यांतून सगळं धुऊन जातं, डोस दुप्पट मागून घ्या. वर, कॅथेटर (पोटातली ती नळी) काढायची घाई करणारे डॉक्टर हिमोचं, म्हणजे मशीनवर रक्त गाळायच्या डायलिसिसचं, बिल वाढवतात म्हणे. खाली धन्यवादांची रांग. झोप उडाली, म्हणून हे लांबण.

१९ वर्षं औषधांच्या काउंटरवर आहे, वडिलांच्या पिशव्याही बदलल्यात. हिशेब करा. २ लिटरच्या ४ पिशव्या, दिवसाला ८ लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम साडेपाच मिली. धड किडन्या मिनिटाला शंभरावर मिली गाळतात. फ्लुकोनॅझोल ८० टक्के जसंच्या तसं लघवीतून जातं. किडनीच बसल्यावर ते जाणार कुठे? निरोगी माणसात ३० तासांत निम्मं होतं, इथे तीन-तीन दिवस रेंगाळतं. म्हणून पहिला डोस पूर्ण आणि पुढचे साधारण निम्मे. दुप्पट कुठून काढलंत?

उंटावरचा शहाणा:
भाऊ, अर्धवट गणित. फ्लुकोनॅझोल किडनीत गाळलं जातं आणि बरंचसं परत शोषलंही जातं. निरोगी शरीरसुद्धा मिनिटाला पंधरा-सोळा मिली रक्तातूनच ते साफ करतं. साडेपाच म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा! शंभराशी तुलना करून लोकांना गंडवू नका. रेणू लहान, प्रथिनांना चिकटतं ११-१२ टक्के. पोटातल्या पडद्यापलीकडे जाणारच.

दुकानातला भाऊ:
शंभराची तुलना चुकली, घ्या. पण तिसरा हिस्सा जातो म्हणून दुप्पट? शाळेत त्रैराशिक ऑप्शनला टाकलं होतं का? आणि पडद्यापलीकडे जातं तेच तर हवंय, बुरशी पोटातच बसलीय ना! बुरशीचंच दुसरं औषध अँफोटेरिसिन शिरेतून द्या, पोटात नीट उतरत नाही. पिशवीतून द्या, तर पोटात नुसती आग. तिसरं, कॅस्पोफंजिन, ९७ टक्के प्रथिनांना चिकटलेलं, ते पिशवीतून वाहून जात नाही. औषधागणिक तऱ्हा वेगळी, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच पिशवीत घातलंत.

मधली जाऊ:
तुमचं मिली-मिली चालू द्या. सासूबाईंच्या पोटातून परत आलेलं पाणी गढूळ होतं तेव्हा पिशवी पेपरवर ठेवून बघितली, खालचा मथळासुद्धा वाचता येईना. कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. घरात निकाल लगेच लागला: ‘पिशवी बदलताना हिने पंखा चालू ठेवला.’ त्याआधीच्या महिन्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते, त्याने बुरशीला रान मोकळं मिळतं हे मला खूप नंतर कळलं. अशा कोर्ससोबत बुरशीचं औषध, निस्टॅटिन नाहीतर फ्लुकोनॅझोल, द्यायचं असतं, तेही कुणी बोललं नाही. सहा वर्षं झाली, अजून श्राद्धाच्या पंगतीत माझा पंखा निघतो.

कडक शिस्त:
ताई, राग मानू नका, पण पंखा बंदच हवा. आमच्याकडे दार बंद, मास्क, हात घड्याळ लावून धुवायचे. ५ वर्षांत एकदाही इन्फेक्शन नाही.

मधली जाऊ:
चालू ठेवा असं मी म्हटलंय का? ठेवलाच नव्हता! अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत दिवसातून चारदा पिशवी लावून दाखवा, मग शिस्त शिकवा. आणि तुमच्याकडे पिशवी बदलतं कोण?

कडक शिस्त:
सौ. बदलते. विषय तो नाही.

मधली जाऊ:
तोच आहे.

उंटावरचा शहाणा:
पंखा पुरे. कॅथेटरचं बोला. माझ्या भावाचा दोन दिवसांत काढला. ‘महिनाभराने परत घालू’ म्हणाले. पोटात सगळं चिकटलंय म्हणून परत घातलाच नाही. आता हिमोसाठी आठवड्याला तीन फेऱ्या, एसटीने ४० किलोमीटर. मी बिलावर का बोलतो ते कळलं?

दुकानातला भाऊ:
वाईट वाटलं, खरंच. पण नळीवर बुरशीचा जो थर बसतो त्याला गोळी पुरी पडत नाही. आयएसपीडी या पीडीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही तेच सांगते: बुरशी दिसली की नळी काढा, त्यानंतर किमान २ आठवडे औषध. नळी ठेवून औषध ओतत बसणाऱ्यांचे पेशंट दगावलेले बघितलेत मी. परत न घालण्याबद्दल आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, तिथे तुमच्या बाजूने.

एक मात्र लक्षात ठेवा. हिमोवर ३ तासांच्या एका बैठकीत रक्तातलं निम्मं फ्लुकोनॅझोल जातं. गोळी डायलिसिसनंतर घ्यायची, आधी नाही. तुमचं ‘धुऊन जातं’ तिथे लागू.

उंटावरचा शहाणा:
म्हणजे मी बरोबर, मशीन तेवढं चुकलं. मोठेपणाबद्दल आभार. ‘दुप्पट’ खोडतो. बिलाचं राहू देतो.

मधली जाऊ:
आणि पंख्याचं कोण खोडणार?